मनगट किती दिवसांत बरे होते? एका ‘किरकोळ’ दुखापतीचा इतिहास

१/
मनगट मुरगळले की घरात तीन प्रश्न उपस्थित होतात. हाड मोडले आहे की नुसती लचक आहे? हात बांधून ठेवायचा की चोळायचा? आणि तो पुन्हा कामाला कधी लावायचा? पहिल्या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळवण्यासाठी वैद्यकाला सुमारे दोन हजार वर्षे खर्ची घालावी लागली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एकट्या वैद्यकाच्या हाती कधीच नव्हते. सुश्रुतसंहिता, डब्लिन, हार्लेम, येरवडा आणि हिंगणघाटचे जिन असा या तीन प्रश्नांचा माग घेणारा हा दीर्घ धागा.

२/
विषय का निवडला, हे आरंभीच सांगतो. उजव्या मनगटाच्या साध्या दुखापतीमुळे काही आठवडे मी वडनेरला घरी आहे. वडनेर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील, नागपूर-हैदराबाद महामार्गावरील गाव. भोवताली काळी जमीन आणि कापूस. येथे बहुतेकांचे पोट मनगटाच्या जोरावर चालते. म्हणूनच ‘किरकोळ दुखापत’ हा शब्दप्रयोग मला इतिहासाच्या दृष्टीने तपासावासा वाटला. दुखापत किरकोळ आहे, हे नेमके कोण ठरवते?

३/
प्रथम शरीररचना. कोपरापासून दोन लांब हाडे खाली येतात. अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. त्यांच्या पुढे, तळहाताच्या मुळाशी, आठ लहान हाडे दोन ओळींत बसलेली असतात. माणूस तोल जाऊन पडताना नकळत हात पुढे करतो आणि संपूर्ण शरीराचा भार क्षणभर या छोट्या सांध्यावर येतो. त्यामुळे मनगटाची दुखापत ही मानवजातीच्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत सामान्य दुखापतींपैकी एक आहे.

४/
संस्कृतात मनगटाला ‘मणिबंध’ म्हणतात. जेथे मणी, म्हणजे अलंकार, बांधला जातो ते स्थान. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील १०७ मर्मे सांगितली आहेत. त्यांपैकी आठ मर्मांना ‘रुजाकर’, म्हणजे वेदना निर्माण करणारी, असे म्हटले आहे. दोन्ही मणिबंध या आठांत मोडतात. मणिबंधावर आघात झाल्यास प्राण जात नाही, परंतु हात कुंठित होतो, असे ग्रंथकार सांगतो. जीव वाचतो आणि काम थांबते. मनगटाच्या दुखापतीचे इतके नेमके वर्णन विरळाच.

५/
सुश्रुतसंहिता एका दिवसात किंवा एका हातून घडलेली नाही. तिचे आजचे रूप अनेक शतकांच्या संस्करणातून आले. नेपाळमध्ये इ. स. ८७८ची तिची ताडपत्रावरील प्रत उपलब्ध आहे. निदानस्थानात मोडलेल्या हाडांचे निदान आणि चिकित्सास्थानात त्यांचे उपचार, असे दोन स्वतंत्र अध्याय त्यात आहेत. आपल्या पहिल्या प्रश्नाची मांडणी येथेच दिसते. दुखापतीचे दोन मोठे वर्ग केले आहेत: ‘संधिमुक्त’, म्हणजे सांधा निखळणे, आणि ‘कांडभग्न’, म्हणजे हाड मोडणे.

६/
संधिमुक्ताचे सहा आणि कांडभग्नाचे बारा प्रकार ग्रंथात दिलेले आहेत. त्यांची नावे चित्रमय आहेत. मधला भाग खेकड्यासारखा फुगून येतो तो ‘कर्कटक’, हाड घोड्याच्या कानासारखे वर येते तो ‘अश्वकर्ण’, हाडाचा चुरा होतो तो ‘चूर्णित’, हाड नुसतेच वाकते तो ‘वक्र’. क्ष-किरणांच्या कितीतरी शतके आधी, केवळ डोळा, बोटांचा स्पर्श आणि हाडाच्या घर्षणाचा आवाज यांच्या आधारे केलेले हे वर्गीकरण आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

७/
उपचाराची सूत्रे चार: ताणणे, दाबणे, जुळवणे आणि बांधणे. त्यानंतर मंजिष्ठा, ज्येष्ठमध आणि रक्तचंदन यांचा शंभर वेळा धुतलेल्या तुपात व तांदळाच्या पिठात कालवलेला लेप. त्यावर कापडाची पट्टी आणि आधाराला ‘कुश’. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबू यांपासून हे कुश करावेत, असे सांगितले आहे. ही यादी वाचताना वर्धा जिल्ह्यातील कोणालाही नवल वाटणार नाही. यांतील बहुतेक झाडे आपल्या शिवारात किंवा जवळच्या जंगलात आजही उभी आहेत.

८/
त्याहून महत्त्वाची आहे ती बांधण्याविषयीची सूचना. पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही. फार घट्ट बांधली तर सूज, वेदना आणि पू होतो. म्हणून मध्यम बांधावी. ती किती दिवसांनी सोडून पुन्हा बांधायची, हे ऋतूवर अवलंबून आहे: थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. बांधलेला हात पुन्हा पुन्हा पाहिला पाहिजे, हा विचार या वेळापत्रकामागे आहे.

९/
आणि आता तिसरा प्रश्न, काळाचा. बालवयात सांधा एका महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात दोन महिन्यांत, उतारवयात तीन महिन्यांत, असा ग्रंथाचा हिशोब आहे. तळहाताच्या दुखापतीनंतर हाताला बळ कसे आणावे, हेही सांगितले आहे. प्रथम मातीचा गोळा हातात धरावा आणि बळ आल्यावर अखेरीस दगड धरावा. आज फिजिओथेरपिस्ट मऊ चेंडू देऊन पुढे वजन वाढवत नेतात. तत्त्व तेच आहे: भार हळूहळू वाढवायचा.

१०/
परंतु ग्रंथ आणि व्यवहार यांत अंतर असते. १७९३च्या सुमारास पुण्याजवळ कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या त्वचेने पुन्हा घडवले गेले. त्याचे वर्णन १७९४च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाले आणि युरोपातील शल्यविशारद चकित झाले. ही शस्त्रक्रिया करणारा मनुष्य ग्रंथपठण करणारा पंडित नव्हता. विटा घडवणाऱ्या कारागीर जातीतील म्हणून त्याची नोंद आहे. हातांचे ज्ञान हातांकडून हातांकडे जात होते.

११/
हाडे बसवण्याची विद्याही अशीच टिकली. गावोगावचे हाडवैद्य, धनगर-गवळ्यांतील जाणते, तालमींतील वस्ताद यांच्याकडे ती होती. जनावरांची हाडे बसवता बसवता माणसांची बसवणारेही होते. बांबूच्या कामट्या, कापसाची गादी, वर जुन्या लुगड्याची पट्टी, अशी त्यांची सामग्री. घरात आंबेहळद, तुरटी आणि मैदालकडी उगाळून गरम लेप घातला जाई. हाडसांधीच्या वेलाला तर नावच कामावरून मिळाले. या ज्ञानाच्या पोथ्या फारशा झाल्या नाहीत. म्हणून इतिहासकाराला ते शोधणे कठीण जाते.

१२/
मणिबंध या शब्दाकडे पुन्हा एकदा वळू. मनगट सुजू लागले की सर्वांत आधी बांगड्या उतरवाव्या लागतात, अन्यथा त्या मांसात रुततात. पण ज्या समाजात रिते मनगट वैधव्याची खूण मानले गेले, तेथे ही साधी कृतीही स्त्रीला सहज करता येत नसे. सूज वाढेपर्यंत बांगडी तशीच राहायची आणि मग ती फोडावी किंवा कापावी लागे. दुखापतीचा उपचार शरीराइतकाच समाजातही घडतो, याचे हे अगदी घरगुती उदाहरण.

१३/
आता युरोपकडे जाऊ. तेथे हिपोक्रॅटिसच्या परंपरेमुळे शतकानुशतके एक समज रूढ होता: पडल्यावर मनगट वाकडे दिसले तर ते निखळले आहे. म्हणून वैद्य ते ओढून ‘बसवत’ असत. फ्रान्समधील लियॉंचे शल्यविशारद क्लोद पूतो यांनी हा समज चुकीचा ठरवणारे निरीक्षण केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १७८३ मध्ये छापले गेले. ब्रिटिश वैद्यकविश्वाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही.

१४/
१८१४ मध्ये डब्लिनचे अब्राहम कोलिस यांनी एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. मनगट निखळलेले नसते, तर त्याच्या सुमारे दीड इंच वर रेडियसचे हाड मोडलेले असते, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्याजवळ क्ष-किरण नव्हते. या दुखापतीच्या शवविच्छेदनाची संधीही मिळाली नव्हती. बोटांनी चाचपून त्यांनी हा निष्कर्ष काढला. आजही हाडांच्या दवाखान्यांत ‘कोलिस फ्रॅक्चर’ हा शब्द रोज उच्चारला जातो.

१५/
त्याच लेखात कोलिस यांनी रुग्णांना दिलेला दिलासा लक्षणीय आहे. उपचार न झाल्यास हाताचे व्यंग कायम राहील, पण पुढे केव्हातरी तो वेदनारहित होईल आणि मोकळेपणाने हलू लागेल, अशा आशयाचे ते लिहितात. ‘पुढे केव्हातरी’! एका सुखवस्तू रुग्णाला हा दिलासा पुरेसा वाटला असेल. रोजंदारीवर जगणाऱ्याला तो कसा वाटला असेल, याची कल्पना आपणच करावी.

१६/
दुसरा प्रश्न बांधण्याचा. १७९८ मध्ये विल्यम ईटन या इंग्रज लेखकाने बसऱ्याकडील एक रीत नोंदवली: मोडलेल्या अवयवाभोवती जिप्समचा लगदा ओतून कडक साचा करणे. तो साचा जड होता. १८५०च्या दशकाच्या आरंभी हार्लेम येथील डच लष्करी वैद्य अँटोनियस माथिसेन यांनी त्यावर तोड काढली. कापडी पट्टीत कोरडी पूड चोळून ठेवायची आणि बांधताना ओली करायची. काही मिनिटांत ती कडक होते. आपण ज्याला ‘प्लास्टर’ म्हणतो ते हेच. क्रिमियाच्या युद्धात रशियन शल्यविशारद पिरोगोव्ह यांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरले.

१७/
पहिल्या प्रश्नाचा निर्णायक निकाल ८ नोव्हेंबर १८९५ नंतर लागला. त्या दिवशी विल्हेल्म रॉंटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताची छाया टिपली: बोटांची हाडे आणि अंगठी. पुढे सुमारे सहा आठवड्यांनी, ३ फेब्रुवारी १८९६ रोजी, अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात बर्फावर घसरून पडलेल्या एडी मॅकार्थी या मुलाच्या मनगटाचे छायाचित्र घेतले गेले. वीस मिनिटे हात स्थिर धरावा लागला. मोडलेले अल्नाचे हाड स्पष्ट दिसले. त्या देशातील क्ष-किरणांचा पहिला वैद्यकीय उपयोग मनगटासाठी झाला.

१८/
हे तंत्र भारतातही लवकर आले, पण ते लष्कराबरोबर. १८९७-९८च्या वायव्य सरहद्दीवरील तिराह मोहिमेत सर्जन-मेजर बीव्हर यांनी जखमी सैनिकांसाठी क्ष-किरण यंत्र वापरले. युरोपात क्ष-किरणांनी आणखी एक गोष्ट उघड केली: ज्याला ‘लचक’ म्हणून सोडून दिले जात होते, त्यांपैकी काही दुखापतींत अंगठ्याच्या मुळाजवळचे नौकेच्या आकाराचे लहान हाड, स्कॅफॉइड, मोडलेले असे. विसाव्या शतकाच्या आरंभी लियॉंच्याच एत्येन देस्तो यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला.

१९/
येथे एक व्यावहारिक सूचना, कारण वाचकांतील अनेक जण क्रिकेट खेळतात. स्कॅफॉइडला रक्तपुरवठा पुढच्या टोकाकडून मागे येतो. त्यामुळे ते मोडल्यास भरून यायला वेळ लागतो आणि पहिल्या क्ष-किरण चित्रात ते कधी कधी दिसतही नाही. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तेथे दाबून दुखत असेल तर ‘मुरगळले असेल’ म्हणून चोळत बसू नये. डॉक्टरांना दाखवावे. ‘किरकोळ’ या शब्दाने येथे अनेकांना फसवले आहे.

२०/
बांधायचे की हलवायचे, हा वादही एकोणिसाव्या शतकात रंगला. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस दीर्घ आणि अखंड विश्रांतीचा आग्रह धरत. विशेष म्हणजे ते स्वतः वेल्समधील पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातील होते. उलट फ्रान्सचे लुका-शाँपियोनिएर लवकर मर्दन आणि हालचाल सुरू करण्याच्या मताचे होते. १८६७ मध्ये लंडनचे जेम्स पॅजेट यांनी हाडवैद्य बऱ्या करतात त्या रुग्णांविषयी व्याख्यान दिले. त्यांच्याकडून चांगले ते शिका आणि वाईट ते टाळा, असा त्याचा आशय होता.

२१/
पॅजेट यांचा सल्ला दोन्ही बाजूंनी खरा होता. १८८१ मध्ये जर्मन शल्यविशारद रिचर्ड फोन फोल्कमान यांनी दाखवले की पट्टी अतिशय घट्ट बांधल्यास रक्तपुरवठा तुटून स्नायू मरतात आणि हात कायमचा आखडतो. घट्ट कामट्यांमुळे गमावलेले हात भारतातील रुग्णालयांनी अनेकदा पाहिले आहेत. सुश्रुतसंहितेतील ‘मध्यम बांधावे’ ही सूचना पोथीत होती, पण प्रत्येक हाडवैद्यापर्यंत पोहोचली नव्हती. परंपरेचा अभिमान बाळगताना तिची ही किंमतही आपण लक्षात ठेवली पाहिजे.

२२/
महाराष्ट्रातील एका प्रसिद्ध हाताचे उदाहरण पाहू. १९०९ मध्ये जहाजावर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात थकल्यावर गांधीजींनी हस्तलिखिताच्या २७५ पृष्ठांपैकी सुमारे ४० पृष्ठे डाव्या हाताने लिहिली. १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांचे कोपर दुखू लागले. डॉक्टरांनी हाताला विश्रांती सांगितली. सूतकताई सोडणे त्यांना मान्य नव्हते. तेव्हा त्यांनी पायाने चालवायचा मगन चरखा जवळ केला. पुढे १९३६ मध्ये ते आपल्याच जिल्ह्यातील सेवाग्रामला राहायला आले.

२३/
या उदाहरणात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: तपासायला डॉक्टर, हात थांबवण्याची मुभा आणि काम चालू ठेवण्यासाठी पर्यायी साधन. कैदेतही गांधीजींना या तिन्ही मिळाल्या. आता त्याच काळातील, त्याच कापसाशी जोडलेल्या दुसऱ्या हातांकडे पाहू. हिंगणघाट हे नाव एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बाजारात कापसाच्या एका वाणाचे नाव होते. १८६०च्या दशकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त नेमला गेला आणि १८७०च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटकडे रेल्वे आली. पाठोपाठ सरकी काढणारे जिन, गाठी बांधणारे प्रेस आणि गिरण्या उभ्या राहिल्या.

२४/
या साखळीची पहिली कडी म्हणजे वेचणी. सीतादहीचा नैवेद्य झाला की बाया शेतात उतरतात. फुटलेल्या बोंडातून कापूस काढताना बोटे आत जातात, मनगट वळते, हात कमरेच्या ओटीकडे येतो. दिवसभरात ही हालचाल हजारो वेळा होते. मजुरी वजनावर. एका हाताने वेचणारीचे वजन भरत नाही आणि अजिबात न वेचणारीला काहीच मिळत नाही. सुश्रुताचा एक-दोन महिन्यांचा हिशोब येथे संपूर्ण हंगामाइतका लांब ठरतो.

२५/
दुसरी कडी जिन. १८८१चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या आणि वर्षातून किमान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. हंगामी जिन-प्रेस त्यातून निसटले. १८९१च्या दुरुस्तीने कामगारांची मर्यादा पन्नासवर आणली, पण चार महिन्यांची अट ठेवली. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११च्या कायद्याने. म्हणजे तीस वर्षे, रुळांत कापूस सारणाऱ्या हातांचे काय होते हे पाहणे कायद्याने कोणाचेच काम नव्हते.

२६/
आता ‘किरकोळ’ शब्दाची कायदेशीर व्याख्या पाहा. १९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. हात गमावल्यास किती, अंगठा गमावल्यास किती, याची तपशीलवार अनुसूची त्यात होती. पण दहा दिवसांपेक्षा जास्त काळ काम थांबवणारी नसेल, तर त्या दुखापतीची भरपाई मिळत नसे. ही मुदत १९३३ मध्ये सात दिवसांवर आणि १९५९ मध्ये तीन दिवसांवर आली. मनगट तेच, लचक तीच. सरकारी व्याख्येतील ‘किरकोळ’ मात्र छत्तीस वर्षांत दहा दिवसांवरून तीन दिवसांवर सरकले.

२७/
ही मुदत आपोआप कमी झाली नाही. तिच्यामागे कामगार चळवळी होत्या, १९३१ मध्ये अहवाल देणारा रॉयल लेबर कमिशन होता आणि स्वातंत्र्यानंतरची संसद होती. १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपणातील वेतनाची संकल्पना आणखी पुढे नेली. पण हे सगळे मुख्यतः कारखान्याच्या फाटकाआड घडले. शेतात वेचणी करणारी मजूर स्त्री या व्यवस्थेच्या बाहेरच राहिली. तिच्या मनगटासाठी ना दहा दिवस, ना तीन.

२८/
२००५च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामावर जखमी झालेल्या मजुराला मोफत उपचार देऊ केले. रुग्णालयात दाखल करावे लागल्यास किमान निम्म्या मजुरीइतका भत्ताही ठेवला. महत्त्वाची तरतूद, यात शंका नाही. पण मनगटाच्या साध्या दुखापतीसाठी कोणी रुग्णालयात दाखल होत नाही. पट्टी बांधून माणूस घरी येतो आणि भत्त्याची अट तेथेच अपुरी पडते. घरी बसून बरे होण्याचे दिवस आजही बहुतेकांना स्वतःच्या खिशातून काढावे लागतात.

२९/
आज वर्धा जिल्ह्यात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सहज मिळतात. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. क्ष-किरण चित्र काही मिनिटांत हाती येते, प्लास्टर किंवा पट्टा लागलीच मिळतो. तिसरा प्रश्न तसाच आहे. ‘तीन आठवडे हात वापरू नका’ हे वाक्य डॉक्टर सगळ्यांना सारखेच सांगतात. मी ते पाळू शकलो, कारण माझ्या वाटची कामे घरातील इतरांनी उचलली आणि माझी शिष्यवृत्ती थांबली नाही. हे औषधाचे श्रेय नव्हे.

३०/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी शेवटचा मुद्दा. मृत्यूची नोंद होते, साथीची होते, अवयव गमावला तर भरपाईच्या कागदात तीही होते. पण लचकलेल्या मनगटाची, बुडालेल्या आठवड्याच्या मजुरीची, लेप घालणाऱ्या आजीची नोंद दप्तरात सहसा सापडत नाही. ती माणसांच्या आठवणीत आहे आणि ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. आपल्या गावात हाडवैद्य कोण होते, कामट्या कशाच्या असत, लेपात काय घालत, दुखापत झालेल्या बाईची कामे कोण करी आणि तिची मजुरी बुडे का, हे घरातील थोरांना अवश्य विचारा आणि तारीख, गाव घालून लिहून ठेवा. जमल्यास खाली उत्तरात नोंदवा. गावनिहाय एकत्र करून पुढच्या धाग्यात मांडेन.

#म #इतिहास #वर्धा